दिवाळीची तारीख काढणारं यंत्र

तळोदा, ११ ऑगस्ट २०२४

धीरज,

कागदावर लिहिते आहे, कारण ई-मेल केला की तू माझ्या प्रत्येक ओळीखाली निळ्या अक्षरांत उत्तर लिहितोस, आणि माझंच पत्र शेरे मारून परत आल्यासारखं दिसतं. फोनवर तर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर मधे तोंड घालायची सोय नाही. मुकाट्याने शेवटपर्यंत वाच.

तुझा आराखडा मिळाला. स्क्रीनवर मावेना म्हणून छापून संस्थेच्या भिंतीवर लावला. चौकोन, गोल, बाण, दोन ढग. करणसिंग जीप पुसून आत आला, चहा पिता पिता बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, हाऊ कोन्ता गावना नकाशा शे?" मी म्हटलं, आमच्या साहेबांच्या डोक्याचा. "मंग याम्हा रस्ता कोठे शे?" असं विचारून तो निघून गेला. मलाही सापडला नाही.

त्या सगळ्या चौकोनांत जीप नक्की काय करते ते कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून मीच लिहून देते. सिकलसेलच्या पेशंटांच्या गोळ्या आणि डॉक्टर प्रिस्किला यांना घेऊन आपली जीप डोंगरातल्या गावांना जाते, प्रत्येक गावाला महिन्यातून एकदा. फेरी चुकली की गोळ्या संपतात. गोळ्या संपल्या की कुणाचे तरी सांधे धरतात, आणि त्याला झोळीत घालून खाली आणावं लागतं. एवढंच आहे. ते मी एका एक्सेलच्या शीटवर चालवते, आणि शनिवारी दुपारी गावागावातल्या आरोग्यसेविकेला फोन करून विचारते, या आठवड्यात जीप पाठवू का?

तू जूनमध्ये पुण्याची नोकरी धरून निघालास तेव्हा बॅगेची चेन ओढत म्हणालास, "नूतन, तुझं ते साधं सॉफ्टवेअर साधं नाहीच. त्यात तू बसली आहेस. तुला त्यातून काढलं की ते पडेल." मोठा शोध लावल्यासारखा चेहरा होता तुझा. आणि आता लिहितोस की तुला मोकळं करणारी प्रणाली मी बांधतो, म्हणजे तुला पुण्याला न येण्याचं कारण उरणार नाही.

ठीक आहे. लाव पैज. दसऱ्यापासून होळीपर्यंत तुझं यंत्र जीप चालवेल. मी हात लावणार नाही. एकही पेशंट गोळ्यांवाचून राहिला नाही, तर होळीनंतर मी सामान बांधून पुण्याला येते, कायमची. राहिला, तर तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. गरज पडली तर तुझ्या निळ्या अक्षरांत "मान्य" असं लिही. तेवढं वाचीन.

नूतन


तळोदा, १९ ऑक्टोबर २०२४

धीरज,

यंत्राची स्थापना झाली. नारळ करणसिंगने फोडला, कारण तुझ्या माहितीपुस्तिकेत नारळाचं पान नव्हतं.

तू पाठवलेला टॅबलेट त्याला दिला. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवं, असा तुझा नियम. जीप चालवणाऱ्या माणसाला! जणू करणसिंग बँकेची तिजोरी घेऊन सातपुड्यात निघालाय. त्याने काय केलं माहीत आहे? पासवर्ड ऑइलपेंटने समोरच्या काचेवर लिहून घेतला, एकवीरा देवीच्या नावाखाली. आता घाटात समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला आपला पासवर्ड दिसतो. कुणी चोरलेला नाही. चोरून करायचं काय, हा प्रश्न त्यांनाही पडला असावा.

पहिल्या आठवड्यात तुझ्या यंत्राने जीपला सर्वांत जवळचा रस्ता दाखवला. तो रस्ता आहे, खोटं कशाला बोलू. बैलांचा आहे. डॉक्टर प्रिस्किला खाली उतरून पायी चालत गेल्या आणि जीपच्या आधी पोहोचल्या. त्यांनी तुला निरोप दिलाय, मी तो सभ्य करून लिहिते: त्या म्हणाल्या, धीरजभाऊंना एकदा स्वतः यायला सांगा.

तू कळवलंस की पुढच्या आवृत्तीत रस्त्याची रुंदी, चढ आणि पावसाचा अंदाज, तिन्ही धरशील. धर. मी शीटमध्ये त्या रस्त्यापुढे "नको" असं लिहिलं होतं. दोन अक्षरं होती. पण दोन अक्षरांना पुण्यात कोण विचारतो?

तुझ्या आईचा फोन आला होता. त्यांच्या डोळ्यांचं लिहीन सावकाश. तुला काळजी असली तर तूही त्यांना विचारू शकतोस, त्यांच्याकडे पासवर्ड लागत नाही.

नूतन


तळोदा, ९ नोव्हेंबर २०२४

धीरज,

अभिनंदन. तुझ्या यंत्राने दिवाळीची सुट्टी घेतली.

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत जीप अंगणात उभी. टॅबलेटवर पणत्यांचं चित्र, खाली "शुभ दीपावली", आणि सगळ्या गावांपुढे "सण, फेरी रद्द". करणसिंग खूश, डॉक्टर नवापूरला माहेरी गेल्या, मी ठरल्याप्रमाणे हात लावला नाही. आणि बुधवारी मोहपाणीची आरोग्यसेविका मोतीबाई पहाटेच्या पॅसेंजर जीपने तळोद्याला उतरून संस्थेच्या पायरीवर येऊन बसली. तिला बाजारात शिकलेली अहिराणी येते, त्यात म्हणाली, "ताई, जीप का बरं नही उनी? आम्ही बठ्ठा वाट देखी ऱ्हायंतूत."

मी म्हटलं, दिवाळी होती ना, मोतीबाई.

ती माझ्याकडे असं पाहायला लागली की मला वाटलं आता माझ्या कपाळाला हात लावून ताप बघते की काय. "ती तुम्हनी दिवाळी. आम्हनी आजून ठरनी नही."

समजलं का काही? तुझा जन्म इथून तासाभराच्या गावातला. तापीकाठच्या गुजर घरात वाढलास, कापूस आणि केळीत लहानाचा मोठा झालास, सातपुडा रोज उत्तरेला दिसायचा. आणि तुला हे माहीत नाही की वर दिवाळी अमावास्येला नसते? धान घरात आलं की गाव बसतं, पुजारा आणि जुनी माणसं बसतात, शेजारच्या गावाने कुठला दिवस धरलाय ते विचारतात, आणि तो सोडून आपला धरतात. का, तर एकमेकांच्या दिवाळीला जाता यावं. सगळ्यांनी एकाच दिवशी आपापल्या घरात बसून फराळ खायचा हे आपलं डोकं. त्यांची दिवाळी नोव्हेंबरात सुरू होते आणि गावोगाव फिरत पार जानेवारीच्या पुढे जाते. म्हणजे तुझ्या यंत्राने जीप नेमकी तेव्हा बंद ठेवली, जेव्हा वर प्रत्येक माणूस घरी होता.

तू विचारशील, आणि निळ्या अक्षरांतच विचारशील, की तुला माहीत होतं तर आधी का सांगितलं नाहीस? तू विचारलं नाहीस म्हणून. चार महिने तू माझ्याकडून गावांचे अक्षांश-रेखांश मागवलेस. तुमचा सण कधी असतो, एवढं कुणालाही विचारलं नाहीस. उंटावरून शेळ्या हाकायच्या, तर निदान शेळ्या कुठे आहेत ते तरी बघावं माणसाने.

मोतीबाईचा भाचा आमशा याच्या गोळ्या संपल्या होत्या. दोन दिवस त्याचे गुडघे सुजलेले. आता बरा आहे. गोळ्या पोचल्या.

कशा पोचल्या ते पैजेच्या नियमात बसत नाही, म्हणून लिहीत नाही. मोतीबाईबरोबर कुणी सहज वर गेलं असेल.

नूतन


तळोदा, ८ डिसेंबर २०२४

धीरज,

तुझा नवीन भाग मिळाला. नाव वाचूनच मी पाणी प्यायला उठले: "सण-अनुमान". म्हणजे दिवाळीची तारीख काढणारं यंत्र. माझ्या शीटमधल्या मागच्या तीन वर्षांच्या तारखा त्याला खाऊ घातल्यास, चंद्राच्या कला घातल्यास, पावसाचे आकडे घातलेस, आणि ते आता सांगणार की साबऱ्यापाड्याची दिवाळी कधी. साबऱ्यापाड्याच्या लोकांना अजून माहीत नाही, पण पुण्याच्या यंत्राला माहीत!

यंत्राने सांगितलं, साबऱ्यापाड्याची दिवाळी पुढच्या आठवड्यात, तेव्हा मंगळवारी जा. जीप मंगळवारी गेली. करणसिंगचा मला फोन, तोही गावाच्या वरच्या टेकडीवर चढून, कारण खाली रेंज नाही.

"ताई, आठे त ढोल वाजी ऱ्हायना. बठ्ठा गाव नाची ऱ्हायना."

"मग डॉक्टर कुठे आहेत?"

"त्या बी."

डॉक्टर प्रिस्किला नवापूरच्या ख्रिस्ती घरातल्या, रविवारची प्रार्थना न चुकवणाऱ्या. त्यांना बायकांनी हाताला धरून ओळीत घेतलं. अंगावर ॲप्रन तसाच. पाहुणा दिवाळीला आला आणि जेवल्याशिवाय, नाचल्याशिवाय गेला, असं तिथे होत नाही. रक्त तपासायची पेटी एका ओट्यावर ठेवली होती, तिच्यावर कुणीतरी कोंबडीचं पातेलं ठेवलं. गोळ्या कुणाला द्यायच्या? घेणारे नाचत होते, उरलेले पिऊन पडले होते. टॅबलेटमध्ये मात्र "फेरी यशस्वी" अशी नोंद झाली, कारण जीप ठरल्या जागी ठरल्या वेळी उभी होती. तुझ्या यंत्राचं यश म्हणजे हे.

तारीख का हुकली? शेजारच्या गावात एक म्हातारं माणूस गेलं, त्यांनी दिवाळी पुढे ढकलली, तो रिकामा झालेला दिवस साबऱ्यापाड्याने घेतला. आता तू म्हणशील, शेजारच्या गावांचं नातं मांडतो. मांड. आणि मांडतोच आहेस तर हेही मांड: आंबाबारीत लग्न निघालं तर निम्मं मोहपाणी तिकडे जातं. धडगावच्या बाजाराच्या दिवशी कुणी घरी नसतं. ऊसतोडीला गेलेले लोक गुजरातेतून कधी परत येतील हे मुकादमावर असतं. पुजारा आजारी पडला तर काहीच ठरत नाही. दोन गावांचं भांडण असेल तर मुद्दाम एकाच दिवशी दिवाळी धरतात, पाहुणे कुणाकडे जास्त गेले ते बघायला. आणि होळी? होळीचं तर मी अजून बोललेच नाही.

एवढं झालं की कळव. मला आणखी आठवेल.

नूतन


तळोदा, ५ जानेवारी २०२५

धीरज,

तू खरंच सगळं मांडलंस.

मृत्यू, लग्न, बाजार, मुकादम, पुजाऱ्याची तब्येत. पुजाऱ्याच्या तब्येतीसाठी वेगळा तक्ता! त्यात "बरी", "साधारण" आणि "गंभीर". आणि भांडणासाठी शून्य ते दहा असं माप. साबऱ्यापाडा आणि वरचा पाडा यांचं भांडण किती, म्हणून मोतीबाईला टॅबलेट पुढे धरून विचारलं, तर ती म्हणाली, "कोणतं भांडण? जमीननं, का पोरगीनं?" मी तुझ्या वतीने सहा लिहिलं.

या प्रणालीला आता इतके पडदे आहेत की करणसिंग सकाळी ते उघडायला बसतो आणि डॉक्टरांचा दुसरा चहा होतो. शेवटी डोंगर पोखरून निघतं काय, तर "मोहपाणी, गुरुवार, शक्यता मध्यम". मध्यम! मी जीप अर्ध्या रस्त्यापर्यंत पाठवू का?

तुझ्याकडे म्हणे पुण्यात सगळी गावं हिरव्या ठिपक्यांनी भरली आहेत. डिसेंबरच्या मध्यापासून एकही फेरी वाया गेली नाही. तू ऑफिसातल्या लोकांना ते दाखवलंस आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला फोटोही पाठवलास. त्याच्याखाली लिहिलंस, "नूतन, होळी जवळ येतेय."

ते ठिपके तुझे नाहीत. आता लिहूनच टाकते, कारण करणसिंगने तुला फोनवर सांगितलंच आहे, आणि माणूस फितूर झाला की लपवण्यात अर्थ नसतो. मी शनिवारी फोन करते. डिसेंबरपासून पुन्हा करते. ख्यालीखुशालीचे करते असं म्हणायचं ठरवलं होतं, पण तुझ्यापुढे तेवढंही खोटं बोलायचा कंटाळा आला. फोन करते, विचारते, आणि करणसिंगला सांगते की यंत्र काही का म्हणेना, तू इकडे जा. तो जातो, आणि यंत्र आपली पाठ थोपटून घेतं. मला पैज जिंकायची असती तर गप्प बसून गावं गोळ्यांवाचून ठेवता आली असती. तुला हरवायला मी आमशाचे गुडघे वापरायचे का? तेवढी हलकी मी नाही.

तर तुझ्या सहा महिन्यांच्या कामाचा हिशेब असा, की आधी मी एक शीट आणि एक फोन यांवर जीप चालवत होते. आता एक शीट, एक फोन आणि तुझं यंत्र सांभाळून चालवते.

तू मागच्या मेलमध्ये एक वाक्य लिहिलंस. "मी एक अडचण सोडवली की तू दुसरी काढतेस, तुला हे चालायला हवंय तरी का?" हा काय प्रश्न झाला? नाचता येईना आणि अंगण वाकडं. अडचणी मी काढत नाही, त्या तिथे आहेतच. डोंगर काय मी रचला?

जसोदाबाईंच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. सुरतेला ऑपरेशन करायचं ठरतंय. काल घरी गेले तर मला म्हणाल्या, "तू आठे जीप हाकस, तो तठे एकलाच भाकर खास. हाऊ काय संसार शे का?" मी म्हटलं, त्याच्याकडे भाकर करणारं बाईमाणूस नाही, पण तारीख काढणारं यंत्र आहे. त्या हसल्या नाहीत. मीही हसले नाही.

नूतन


सुरत, १६ फेब्रुवारी २०२५

धीरज,

ऑपरेशन झालं. एक डोळा झाला, दुसरा पुढच्या आठवड्यात. तू येतो म्हणालास आणि आला नाहीस, कारण तुमच्या कंपनीचं काहीतरी बंद पडलं होतं. ते सुरू झालं असावं अशी आशा. आईंनी पट्टी सोडल्यावर पहिल्यांदा दाराकडे पाहिलं. दारात मी होते. त्यांनी मग माझ्याकडे पाहून घेतलं.

महिनाभर मी त्यांच्याजवळ आहे, आधी इथे, मग गावी. डोळ्यांत थेंब घालायचे असतात, घड्याळ लावून. त्यामुळे शनिवारचे फोन बंद. खरे बंद. करणसिंगलाही बजावलंय की मला काही कळवायचं नाही. तेव्हा आता होऊ दे तुझं खरं.

आणि नेमकं याच वेळी तू कळवतोस की ते सगळं फेकून दिलंस! पुजाऱ्याची तब्येत, भांडणाचं माप, चंद्राच्या कला, सगळं? अर्धं वर्ष ज्याच्यापायी वाया घालवलंस ते एका संध्याकाळी पुसलंस, आणि त्या जागी काय ठेवलंस, तर एक फोन नंबर. जीप दर महिन्याला ठरल्या दिवशी येणारच. ज्या गावाला नको असेल त्याने त्या नंबरला एक मिस्ड कॉल द्यायचा, की ते गाव त्या आठवड्यात गळलं आणि पुढच्या आठवड्यात आलं. मिस्ड कॉल आला नाही तर जीप गेली. कारण विचारायचं नाही, तारीख ओळखायची नाही, माणसाने बोलायचंही नाही.

एवढ्यासाठी इंजिनिअर झालास? मिस्ड कॉल तर तुझे काकासुद्धा द्यायचे, शेतातून चहा मागवायला.

चालणार नाही ते. लोक विसरतील. रेंज नसेल. उगाच गंमत म्हणून पोरं कॉल देतील. मी आत्ता इथे बसून त्याच्यातल्या चुका मोजू शकते, पण थेंबांची वेळ झाली.

नूतन


तळोदा, २२ मार्च २०२५

धीरज,

होळी झाली. आपलीही झाली आणि वरच्याही झाल्या. एकेका गावाची वेगवेगळ्या दिवशी, नेहमीसारख्या.

मी सोमवारी तळोद्याला परतले. आल्या आल्या टॅबलेट मागितला, तर करणसिंग म्हणाला, तो त्याच्या बायकोने गाणी ऐकायला नेलाय. महिनाभर कुणाला लागलाच नाही. भिंतीवर एक कागद, त्यावर गावांची नावं आणि मिस्ड कॉल आला त्यापुढे फुली. मला वाटलं होतं, जीप चुकलेली असेल, लोक पायरीवर बसलेले असतील. कुणी नव्हतं. आंबाबारीची बाई एकदा कॉल द्यायला विसरली, जीप गेली, गावात कुणी नव्हतं. तिथले पेशंट दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात जाऊन गोळ्या घेऊन आले. आमशा धडधाकट आहे. मला बघून म्हणाला, "ताई, तुम्ही कोठे गयथ्यात?" मी महिनाभर नव्हते हे त्याला तेव्हा आठवलं.

काल डॉक्टरांबरोबर मोहपाणीला गेले. मोतीबाईला विचारलं, कसं काय हे नवीन? माझी अपेक्षा होती की ती नाक मुरडेल. ती म्हणाली, "ब्येस शे. आते शनवारले टेकडीवर चढनं नही पडत."

म्हणजे काय, विचारलं. म्हणजे असं, की माझा फोन लागावा म्हणून गावोगावच्या या बायका दर शनिवारी दुपारी रेंजच्या टेकडीवर चढून बसायच्या. उन्हात, पावसात, कामं टाकून. माझा फोन कधी लवकर यायचा, कधी उशिरा. "ताई बोलस, मंग बठनं पडस," असं मोतीबाईने अगदी सहज सांगितलं. मिस्ड कॉल मात्र बाजाराला जाता-येता, रेंज लागेल तिथून देता येतो. कुणी तक्रार केली नाही मला, कधीच. मी तुला साधेपणा शिकवत होते आणि तो साधेपणा त्या डोंगर चढून करून देत होत्या.  

तेव्हा तू जिंकलास. नोव्हेंबरातल्या आमशाच्या गोळ्या आणि डिसेंबरातले माझे फोन मी धरत नाही; या शेवटच्या महिन्यात एकही पेशंट राहिला नाही आणि मी हात लावला नाही. काम चांगलं केलंस, शेवटी का होईना. त्यात किती घालायचं यापेक्षा त्यातून किती काढायचं हे तुला कळलं. मला वाटलं होतं ते फक्त मला कळतं.

आणि मी पुण्याला येत नाही.

पैज मोडते आहे. मला लबाड म्हण, चालेल. पण धीरज, तुझ्या बुद्धीची मला आज सगळ्यात जास्त कीव येते ती दुसऱ्याच कारणासाठी. रोज गिऱ्हाइकांशी बोलणारा माणूस तू. जे गिऱ्हाईक एक मागणी पुरी झाली की नवीन काढतं, ती झाली की आणखी एक, त्याला सॉफ्टवेअर नको असतं, त्याला नाही म्हणायचं असतं, हे तुझ्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकतात. तुला आठ महिने लागले, आणि जानेवारीत तू बरोबर प्रश्न विचारलास तरी उत्तर ओळखलं नाहीस. पुजाऱ्याच्या तब्येतीचा तक्ता काढत बसलास. मी लग्न म्हटलं, तू लग्न मांडलंस. मी भांडण म्हटलं, तू भांडणाला माप लावलंस. आपल्याकडे एकदा बघितलं नाहीस.

तू मला सोडवायला निघालास. मी अडकलेली नव्हते. मला हे काम आवडतं, हे गाव आवडतं, आणि जीप हे कारण मी पुढे केलं कारण ते खऱ्या कारणापेक्षा बोलायला सोपं होतं. खरं कारण एका वाक्याचं आहे: मला तुझ्याबरोबर राहायचं नाही. राग आहे म्हणून नाही. राग असता तर मी एवढी पत्रं लिहिली नसती, किंवा याच्या दुप्पट लिहिली असती. सुरतेला दवाखान्यात आईंच्या शेजारी बसले होते तेव्हा तू आला नाहीस, आणि मला वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. बरं वाटलं. त्या दिवशी मला कळलं.

आज शनिवार होता. दुपारी मला फोन करायचे नव्हते, कुणी टेकडीवर चढलं नव्हतं. मी जेवले, झोपले, उठून आईंना थेंब घातले का ते फोनवर विचारलं. सबंध दिवस मोकळा होता, आणि त्या मोकळ्या दिवसात मी एकदाही पुण्याची गाडी किती वाजता सुटते ते पाहिलं नाही. तुझी आठवण आली, रडलेही थोडी. पण यावंसं वाटलं नाही.

आईंना मी सांगीन. तू सांगायला गेलास तर त्यांना आधी चित्र काढून दाखवशील. दुसराही डोळा आता स्वच्छ झालाय, माझा चेहरा बघून त्यांना निम्मं कळेलच.

तो नंबर चालू ठेव. त्याच्यात सुधारणा करू नकोस.

नूतन